दारावरचं आडनाव

"येऊन जाय न बे एकदा." व्हिडिओ कॉल संपता संपता दोस्त हे म्हणतो आणि इकडे पारावर बसलेला माणूस "येतो ना" म्हणून फोन खिशात टाकतो. आर्वी, दारव्हा, दिग्रस, मोर्शीकडच्या कितीतरी गावांतली एकदोन पोरं आता जर्मनीत आहेत. गावच्या शाळेत एका बाकावर बसलेला, पुढे अमरावती-नागपूरला शिकलेला, आता बर्लिनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहणारा तो दोस्त. त्याचं बोलावणं मनापासूनचं असतं. कापसाचा एखादा हंगाम बरा गेला की जाणंही आता हाताबाहेरचं राहिलेलं नाही.

पण आपल्या पाहुणचाराचा हिशोब वेगळा आहे. आपल्याकडे घरात आई असते, काकू असते, वहिनी असते. पाहुणा न सांगता आला तरी भाकरी दोन जास्त पडतात, ओसरीवर एक बाज वाढते, आणि घरचा माणूस वावरात निघून गेला तरी पाहुण्याशी बोलायला कुणी ना कुणी असतं. बर्लिनच्या त्या घरात दोनच माणसं, दोघंही नोकरीला. आठवड्यात पाच दिवस काम करणाऱ्याला जर्मन कायद्यानं वर्षाला किमान २० दिवस पगारी सुट्टी मिळते. बऱ्याच कंपन्या २५ ते ३० देतात. पोळ्याला किंवा दिवाळीला गावी यायचं ते याच दिवसांतून. म्हणजे आपल्याला विमानतळावर घ्यायला, तिकीट काढून द्यायला, वाट चुकलो म्हणून शोधायला त्यानं टाकलेली प्रत्येक रजा ही त्याच्या आईच्या वाट्याच्या दिवसांतून कापली जाते. जाण्याची सगळी तयारी हा एक हिशोब डोळ्यांसमोर ठेवून करावी. पुढे जे सांगायचं आहे ते त्यासाठीच.

आधी तारखा. शेतकऱ्याला मोकळा काळ मिळतो तो अक्षय तृतीया ते मृगाच्या दरम्यान. नांगरणी-वखरणी कुणावर तरी सोपवता येते, पेरणीला अवकाश असतो. योगायोगानं दोस्ताच्या सोयीचा काळही तोच. जर्मनीत १ मेची सुट्टी असतेच. शिवाय ईस्टरनंतर ३९ व्या दिवशी येणारा येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि ५० व्या दिवशी येणारा सोमवार असे दोन सण बहुधा मे महिन्यातच पडतात. २०२६ मध्ये ते १४ आणि २५ मेला आहेत, २०२७ मध्ये ६ आणि १७ मेला. गुरुवारच्या सणाला लागून शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस सलग मिळतात. अशा दिवसाला तिकडे पुलाचा दिवस म्हणतात. आपला मुक्काम त्या चार दिवसांवर बसवला तर दोस्ताची एकच रजा जाते. इकडे पारा ४५ वर असतो तेव्हा तिकडे दुपारी वीसच्या आसपास आणि पहाटे दहाच्या खाली. जाडजूड कोटाची गरज नाही, पण स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट हवंच. मुक्काम दहा-बारा दिवसांचा, दोन्ही टोकांना शनिवार-रविवार येतील असा, आणि शक्यतो एकाच कॅलेंडर महिन्यात. एकाच महिन्यात का, ते पुढे येईल.

मेमध्ये जायचं तर व्हिसाची तयारी संक्रांतीला सुरू करावी. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि १५ दिवस उरले असताना तरी तो द्यावाच लागतो. निकालाला साधारण १५ दिवस. कागदांवर शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत. खरी अडचण होते अर्ज घेणाऱ्या केंद्रावरच्या भेटीच्या वेळेची. उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात. फी मोठ्यांसाठी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. त्या केंद्राचं शुल्क वेगळं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई गाठायची, काम करून त्याच रात्री परत, असं जमतं. फक्त भेट सकाळी अकराच्या आतली घेऊ नये, गाडीला उशीर झाला तर सगळंच हुकतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

शेतकऱ्याचा अर्ज अडतो तो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे उत्पन्न. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलंच नसतं. मग त्या जागी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ आणि बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या पट्ट्या लावायच्या. अर्ज तपासणाऱ्याला खात्यात दोन महिन्यांपूर्वी एकदम तीन-साडेतीन लाख जमा झालेले दिसतात. आपल्याला माहीत असतं की तो कापूस आहे. त्याला ते कुणाकडून तरी उसने घेऊन दाखवलेले पैसे वाटतात. त्या तारखेची पट्टी त्या नोंदीशेजारी लावली की प्रश्न मिटतो. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं. दुसरं ठिकाण नावाचं. सातबाऱ्यावर गजानन, बँकेत गजाननराव, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्येच तुटलेलं. हे फरक आधी शोधून प्रतिज्ञापत्र करून घ्यावं. पासपोर्ट मागच्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी लागू. साखर, रक्तदाब असेल तर जुन्या आजाराबद्दलचं कलम नीट वाचून मगच विमा घ्यावा, कारण स्वस्त विम्यात नेमकं तेच वगळलेलं असतं.

परत येणार याचा पुरावा म्हणून बाकी लोक नोकरीचं पत्र देतात. आपल्याकडे जमीन असते. सोबतच्या पत्रात साध्या शब्दांत लिहावं: इतकी एकर, इतका कापूस, इतकी तूर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरणी, म्हणून अमुक तारखेचं परतीचं तिकीट. हे कारण पटणारं असतं, कारण ते खरं असतं.

आता दोस्ताकडचा कागद. नुसतं निमंत्रणपत्र एका पानाचं असतं. पण पाहुण्याचं उत्पन्न कागदावर कमी दिसत असेल तर जर्मनीत यजमान परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन एक औपचारिक हमीपत्र करून देतो. त्यासाठी पगाराच्या पावत्या आणि घराचा भाडेकरार दाखवावा लागतो, २९ युरो भरावे लागतात, आणि भेटीची वेळ मिळायला कधी कधी आठवडे जातात. त्या सहीचा अर्थ समजून घ्यावा: पाहुण्याच्या राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा, वेळ आली तर परत पाठवण्याचासुद्धा सरकारला झालेला खर्च तो भरून देईल, अशी ती कायदेशीर जबाबदारी आहे. गावात आपण बँकेत जामीन राहायला दहादा विचार करतो. दोस्त तिकडे आपल्यासाठी जामीन राहतो. तेव्हा औषधं पुरेशी नेणं, विमा चांगला घेणं, तारीख पाळणं यात त्या सहीचा मान आहे.

व्हिसा लागला की त्यावरच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाचाव्यात. 'पासून-पर्यंत' ही खिडकी आहे. राहण्याचे दिवस वेगळे लिहिलेले असतात. खिडकी ३० दिवसांची आणि मुक्काम १५ दिवसांचा असू शकतो. ती खिडकी म्हणजेच मुक्काम समजून लोक तिकीट पुढे ढकलतात आणि अडकतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्यानं ठसे आणि चेहरा टिपणारी संगणकी नोंद सुरू झाली आहे. दिवस आता यंत्र मोजतं.

निघण्याआधी दोस्ताच्या घरी एक चक्कर असतेच. काकूंनी डबे भरून ठेवलेले असतात, आणि नेमकं इथंच हळवं व्हायला होतं. म्हणून आठ दिवस आधी जाऊन सांगून यावं. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत: तूप नाही, खवा नाही, पेढा-बर्फी नाही, खारवलेले बोंबील चालतील पण सुकं मटण नाही. ताजी फळंही रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन एवढ्यांना सूट आहे. म्हणजे संत्रं नाही, आंबा नाही, कढीपत्ताही नाही. पेरायचं बियाणं तर मुळीच नाही, मग ते अंबाडीचं असो की वालाचं. विमानतळावर पिशवी उघडली तर आईच्या हातचं तूप डोळ्यांदेखत कचऱ्यात जातं, वर दंडही होऊ शकतो.

चालतं ते पुष्कळ आहे. जवसाची चटणी, काऱ्हळाची चटणी, तेलातला चिवडा, गुळातले तिळाचे लाडू, सांडगे, कुरडया, तूरडाळ, ज्वारीचं पीठ, भिवापुरी मिरचीचं तिखट, वायगावची हळद. पीठ बर्लिनच्या भारतीय दुकानांतही मिळतं, पण जुनं असतं आणि जुन्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना तुटते. निघायच्या दोन दिवस आधी दळलेलं तीन किलो पीठ न्यावं, तेवढ्यात त्या घराच्या आठ-दहा वेळच्या भाकरी होतात. लोणचं आणि ठेचा मोठ्या बॅगेतच, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घट्ट बसवून आणि वर आणखी दोन पिशव्या घालून. विमानात दाब बदलला की तेल वाट काढतं. आखातातून जाणारं विमान असेल तर मसाल्यात खसखस नको. संयुक्त अरब अमिरातीत आणि आजूबाजूच्या काही देशांत तो अमली पदार्थ मानतात, आणि आपल्या सावजी मसाल्यात ती असते. दुसऱ्यांनी दिलेला प्रत्येक डबा स्वतः उघडून, पाहून, स्वतः भरावा. अविश्वास म्हणून नव्हे. विमानतळावर "हे तुम्ही भरलं का" असं विचारतात तेव्हा उत्तर खरं असावं म्हणून. तराजूचा काटा घरीच लावावा. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेत.

नागपूरहून युरोपला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा आखातातून जायचं. मध्ये फ्रँकफर्ट किंवा म्युनिक असेल तर परदेशी प्रवेशाची तपासणी तिथंच होते, बर्लिनला नाही. त्यामुळे दोन विमानांमध्ये तीन तास तरी हवेत. निमंत्रण, विमा, परतीचं तिकीट आणि दोस्ताचा पत्ता कागदावर छापून हातात ठेवावा, फोनच्या भरवशावर राहू नये. कार्डावर परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्यावा, आणि भारतातला नंबर रोमिंगवर चालू ठेवावा. नाहीतर ओटीपी येत नाही आणि पैसे असून खोळंबा होतो. तिकडचं यंत्र "रुपयात घेऊ की युरोत" विचारतं तेव्हा युरो निवडावं. रुपये निवडले की भाव ते यंत्र लावतं.

बर्लिनचा विमानतळ ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला आणि तो शहराच्या तिकीट-रचनेत सी पट्ट्यात येतो. शहराचा मधला भाग ए, त्याभोवतीचा बी. बहुतेक लोक सवयीनं एबी तिकीट काढतात आणि विमानतळाच्या गाडीत सापडतात. दंड ६० युरो. एबीसी घ्यावं. कागदी तिकीट घेतलं तर फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा. नुसतं खिशात असलेलं तिकीट बिनतिकीटच धरतात. फाटक नसतं, कुणी अडवत नाही, म्हणून नवख्याला कळत नाही. तपासणारे साध्या कपड्यात डब्यात चढतात. एका तिकिटावर दोन तास फिरता येतं, पण एकाच दिशेनं.

दहा-बारा दिवस राहायचं तर देशभर चालणारं महिन्याचं तिकीट परवडतं. २०२६ च्या जानेवारीपासून ते ६३ युरो आहे. शहरातली सगळी वाहनं आणि साध्या प्रादेशिक रेल्वे त्यात येतात, वेगवान आंतरशहर गाड्या येत नाहीत. ते नावावर असतं, दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं आणि महिन्याच्या १० तारखेपर्यंत बंद केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापतात. ते एक तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच चालतं. मुक्काम २५ मे ते ५ जून ठेवला तर दोन महिन्यांचे पैसे पडतात. वर एकाच महिन्याचं म्हटलं ते यासाठी. हे काढलं की दोस्ताला विमानतळावर यायची गरज उरत नाही. तो येतो म्हणाला तरी, आपण येऊ शकतो हे त्याला आधी कळू द्यावं.

गल्लीत पोहोचलो, घर नंबरही सापडला. आता दारापाशी पितळेची किंवा स्टीलची पाटी असते, तिच्यावर वीस-पंचवीस बटणं. आपण फ्लॅट नंबर शोधतो, तो कुठंच नसतो. जर्मन पत्त्यात घराचा नंबर असतो, खोल्यांचा नसतो. बटणांपुढे फक्त आडनावं. श्मिट, यिल्माझ, नोव्हाक, आणि त्यात एक वानखडे किंवा ठाकरे. पोस्टमनही त्या आडनावावरूनच पत्र टाकतो; आडनाव पाटीवर नसेल तर पत्र परत जातं. शाळेत ज्याला आपण अख्खी वर्षं नुसतं पप्पू किंवा बाल्या म्हणत आलो, त्याला या दारात आडनावानंच शोधायचं असतं. दोघांची नावं असतील तर पत्नीचं आडनाव वेगळं असू शकतं, आधीचा भाडेकरूही पाटीवर राहून गेलेला असू शकतो. पाटीवर काय लिहिलंय ते आधीच विचारून ठेवावं. बटण दाबलं की वर घरात घंटी वाजते, वरून कुणी दार सोडलं की खाली दाराचा बझर वाजतो आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांतच दार आत ढकलायचं असतं.

पहिल्या संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास दोस्ताकडून घर शिकून घ्यावं. यात संकोच नको. किल्ली आधी. फ्लॅटच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता घट्ट गोळा असतो. दार वाऱ्यानं जरी लागलं तरी बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला चप्पल घालून दोन मिनिटं खाली गेलेला पाहुणा असाच अडकतो, फोन आत, किल्ली आत. कुलूप उघडणारा रविवारी किंवा रात्री आला तर बिल शेकडो युरोंत जातं. नियम एकच: उंबरा ओलांडताना किल्ली हातात. आणि आतून कुलपात किल्ली ठेवू नये, कारण बऱ्याच कुलपांत मग बाहेरची किल्ली बसत नाही आणि दोस्त त्याच्याच दारात उभा राहतो.

मग खिडकी. तिची मूठ खाली असते तेव्हा बंद. आडवी केली की पल्ला दारासारखा आत उघडतो. उभी, वरच्या दिशेनं केली की पल्ला वरून थोडा आत कलतो. पल्ला उघडा असतानाच कुणी मूठ वर फिरवली तर वरचा कोपरा चौकटीतून सुटतो आणि अख्खी काच एका बिजागरीवर कलते. खिडकी हातात आली असं वाटून माणूस ती ओढायला जातो, ओढू नये. सुटलेला वरचा कोपरा चौकटीला दाबून धरावा, मूठ सावकाश जागेवर आणावी. रोज सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची पद्धत आहे. ती पाळावी. भिंती जाड, फटी बंद, त्यामुळे आंघोळीची आणि शिजवण्याची वाफ आतच राहते आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. घर सोडताना ती भाडेकरूच्या अनामत रकमेतून वसूल होते.

न्हाणीघराच्या फरशीला बहुधा पाणी जायची जाळी नसते. बादली घेऊन ऐसपैस आंघोळ केली की पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं. टबात किंवा काचेच्या चौकोनातच आंघोळ, आणि बाहेर येण्याआधी अंग पुसणं. संडासात पाण्याचा नळ नसतो. घरून एक प्लास्टिकचा मग न्यावा. आठवड्याच्या दिवशी सकाळी सात ते साडेआठ न्हाणीघर घरच्यांना मोकळं ठेवावं.

कचऱ्याला जिन्याखाली किंवा मागच्या अंगणात वेगवेगळ्या रंगांचे डबे असतात: पिवळा वेष्टनांचा, निळा कागदाचा, तपकिरी ओल्या कचऱ्याचा. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या, आणि त्या रविवारी किंवा रात्री टाकायच्या नाहीत, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळतात. गावाकडे फोन लावून मोठ्यानं बोलायची आपली सवय तिथं भिंतीपलीकडे ऐकू जाते. उन्हाळ्यात आपली वेळ साडेतीन तास पुढे असते, त्यामुळे तिकडच्या संध्याकाळी सहाला फोन केला तर इकडे साडेनऊ, सगळे जेवून बसलेले. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर आणि पेयांच्या पत्र्याच्या डब्यांवर २५ सेंट अनामत असते. रिकाम्या बाटल्या चेपायच्या नाहीत, किराणा दुकानातल्या यंत्रात एकेक घालायच्या, शेवटी चिठ्ठी निघते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत मिळतात. घरात साठलेल्या बाटल्यांची पिशवी पाहुण्यानं नेऊन आणावी. लहानसं काम आहे, पण दमून आलेल्या माणसाच्या डोक्यावरून ते उतरतं. नळाचं पाणी पिण्याचं असतं, बाटल्या विकत घ्यायची गरज नाही.

स्वयंपाकघर पाहुण्यानं दोन-तीन संध्याकाळी ताब्यात घ्यावं असं माझं ठाम मत आहे. दोस्ताला चार वर्षांत कुणी आयतं ताट वाढलेलं नसतं. किराणा शनिवारीच भरायचा, रविवारी आणि सणाला दुकानं बंद असतात. काचेच्या शेगडीवर सपाट बुडाचंच भांडं तापतं. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमची कढई चालत नाही, लोखंडी किंवा चुंबक चिकटणारं स्टील लागतं. भाकरी जाळावर फुगवता येत नाही. तवा चांगला तापवून, पाणी लावलेली बाजू सुकली की उलटवून, दुसरी बाजू होत आली की सुती फडक्यानं कडांवर दाबत फिरवायची, पदर सुटतो. वांगी मंगळवार-शुक्रवारच्या मायबाखऊफरच्या तुर्की बाजारात भरपूर आणि मोठी. भरताचं वांगं ओव्हनमध्ये २२० अंशांवर पाऊण तास, पण आधी काट्यानं चारी बाजूंनी टोचे मारून. नाहीतर आतल्या वाफेनं ते फुटतं आणि ओव्हन पुसत बसावं लागतं. धुराची चव येत नाही ती नाहीच. फोडणीत लाल मिरची टाकण्याआधी खिडकी उघडून स्वयंपाकघराचं दार लावावं. बैठकीतला धूर ओळखणारा भोंगा ठेच्याच्या धुरानंही वाजतो.

दोस्त कामावर गेला की दिवस आपला. रस्त्यावर एक काळजी: फुटपाथावरचा लालसर पट्टा सायकलींचा असतो. तिथं उभं राहून नकाशा पाहू नये, सायकली वेगानं येतात. संसदेच्या इमारतीवरचा काचेचा घुमट फुकट पाहता येतो, पण नाव आधी नोंदवून आणि पासपोर्ट घेऊन. बर्नाऊअर श्ट्रास या रस्त्यावर पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणाऱ्या भिंतीचा खरा तुकडा आणि मधली पट्टी तशीच राखली आहे. १३ ऑगस्ट १९६१ च्या रात्री शहर कापलं गेलं आणि ९ नोव्हेंबर १९८९ पर्यंत या एकाच रस्त्याच्या दोन बाजूंचे शेजारी एकमेकांना मोकळेपणानं भेटू शकत नव्हते. पेर्गामॉन संग्रहालय डागडुजीसाठी ऑक्टोबर २०२३ पासून बंद आहे. त्यासाठी फेरी मारू नये.

पण वऱ्हाडातल्या माणसानं न चुकता पाहावं ते टेंपेलहोफ. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत रशियानं पश्चिम बर्लिनची नाकेबंदी केली तेव्हा ज्या धावपट्टीवर विमानांनी कोळसा आणि धान्य उतरलं, तो विमानतळ २००८ मध्ये बंद झाला आणि २०१० पासून तिथं मोकळं मैदान आहे. सुमारे साडेसातशे एकर, शहराच्या मधोमध. कडेला घरं बांधायचा बेत होता. २०१४ मध्ये बर्लिनकरांनी मतदान करून तो नाकारला. गावाशेजारचं गायरान डोळ्यांदेखत आटत गेलेलं ज्यानं पाहिलं, त्याला तिथल्या गवतात उभं राहिल्यावर जे वाटेल ते कुठल्या राजवाड्यात वाटणार नाही. गवतात चंडोल घरटी करतात, म्हणून काही भाग विणीच्या काळात दोरी लावून बंद असतो. रेल्वेच्या कडेनं दिसणारे, शहरातल्या लोकांनी भाड्यानं घेतलेले तारेच्या कुंपणातले छोटे मळेही असेच. शहरात असे सुमारे सत्तर हजार तुकडे आहेत. १९८३ च्या कायद्यानुसार एक तुकडा जास्तीत जास्त ४०० चौरस मीटर, म्हणजे आपले चार गुंठे. खोपी २४ चौरस मीटरपेक्षा मोठी नाही. आणि साधारण तिसऱ्या हिश्शात भाजी-फळं लावलीच पाहिजेत, नुसतं हिरवळ ठेवून चालत नाही. कुंपणाशी थांबून टमाट्याला दिलेला आधार पाहावा. काठी आवर्तात वळवलेली लोखंडी असते, सुतळी लागत नाही.

आपल्या माणसांच्याही खुणा इथं आहेत. वर्ध्याचे क्रांतिकारक आणि पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ झालेले पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२० च्या दशकात तिकडे जाण्याआधी याच शहरात होते. इरावती कर्व्यांनी डाहलेम भागातल्या संस्थेत डॉक्टरेटचं काम केलं.

मुक्कामाच्या मधले दोन दिवस यजमानाचं घर त्यांना परत द्यावं. महिन्याच्या त्याच तिकिटावर लुबेनाऊला जाता येतं, साध्या गाडीनं तासाभराचा रस्ता. श्प्रेवाल्डचा तो कालव्यांचा मुलूख. तिथल्या खेड्यांत होड्यांनी माल नेत असत, आणि तिथल्या खारवलेल्या काकड्यांना आपल्या नागपुरी संत्र्यासारखं भौगोलिक ओळखीचं संरक्षण १९९९ पासून आहे. एक रात्र तिथं राहावं. मेमध्ये वाटेवरच्या स्टेशनांबाहेर पांढऱ्या शतावरीच्या टपऱ्या दिसतील, तिचा हंगाम २४ जूनला संपतो. जुडीभर घेऊन यावी, साल खालपर्यंत काढून मीठ-पाण्यात पंधरा मिनिटं उकडली की झाली.

तब्येत बिघडली तर ११२ तातडीचा नंबर. तातडी नसेल पण दवाखाने बंद असतील तर ११६११७. औषधाची चिठ्ठी मूळ नावानं, इंग्रजीत लिहिलेली हवी. बिल आधी आपण भरायचं, पावती जपायची, विमा नंतर देतो.

संध्याकाळी दोस्त घरी आला की नऊपर्यंत उजेड असतो. त्याला फिरायला न्या असं म्हणू नये. घराजवळच्या कालव्याकडेनं नुसतं चालावं. तो गावाचं विचारेल. कुणाची विहीर लागली, कुणाचं लग्न झालं, शाळेची इमारत पाडली का, कडुनिंब आहे का अजून. ही माहिती फोनवर देता येत नाही असं नाही, पण फोनवर तो विचारत नाही. निघण्याआधी गावातून एक फेरी मारून हे सगळं डोळ्यांखालून घालून जावं. वाट पाहिली जाते ती त्या उत्तरांची. तिकडचे पगार, घराच्या किमती, परत कधी येणार, हे प्रश्न आपण काढू नयेत.

शेवटच्या सकाळी चादर-उशीचे अभ्रे काढून धुवायच्या टोपलीत, किल्ली त्याच्या हातात. आणि निघताना खालच्या पाटीचा एक फोटो काढावा, आडनाव नीट वाचता येईल असा, जवळून. गावी आल्यावर दोनतीन दिवसांत काका-काकूंकडे जायचं असतं. ते घुमटाचं काही विचारणार नाहीत. घर कितव्या मजल्यावर, ऊन येतं का, शेजारी कोण, सकाळी काय खाऊन जातो, वाळत कुठं घालतात, एवढंच. त्या फोटोची तालुक्याच्या स्टुडिओतून चार बाय सहाची प्रत काढून न्यावी.